काचेवरची फुली

माझा सगळा जन्म दिसू नये अशी वस्तू बसवण्यात गेला. सुतारानं केलेल्या दारावर लोक हात फिरवून बघतात, रंगाऱ्याच्या भिंतीला मान वाकडी करून नावं ठेवतात. काचेचं तसं नाही. काच चांगली बसली की ती नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर बसवणाराही. कुणी तरातरा चालत येऊन माझ्या काचेवर नाक आपटलं, की मी तोंडानं ‘अरेरे’ म्हणायचो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो. खोटं कशाला सांगू?

त्या नाकांसाठीच आमच्या धंद्यात फुली आहे. नवीन काच चौकटीत बसली, कडेनं लांबी, म्हणजे काच पक्की धरणारा लगदा, भरून झाली, की चुन्यात बोटं बुडवून तिच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पांढरी फुली मारायची. म्हणजे गवंडी खांद्यावर फळी घेऊन आरपार जायला बघत नाही. फुली मारायचं काम माझ्या जोडीदाराचं. त्याला सगळे फूटपट्टी म्हणतात, कारण माणूस सहा फूट उंच आणि वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीचा आहे. पुसायचं काम मात्र माझं, तिथे मी कुणाला हात लावू देत नाही. मालकाला शेजारी उभं करायचं, आधी ओलं फडकं, मग कोरडं, मग वर्तमानपत्राचा बोळा. फुली गेली की समोरचं झाड, रस्ता, आभाळ एकदम खोलीत येऊन बसतं. मालक ‘वा!’ म्हणाला की आम्ही सामान उचलून चालते व्हायचो. दुसऱ्या दिवशी नवीन काम. तक्रार आली तरच परत जायचं, आणि माझ्या कामाची तक्रार येत नाही.

“एवढा तोरा बरा नव्हे,” असं आमची ही म्हणते. ही म्हणजे माझी बायको. ती हे गेली तीस वर्षं म्हणतेय, त्यामुळे मला त्याची सवय झाली आहे.

तर वाचनालयाचं काम. आमच्या वस्तीच्या टोकाला एक तळं आहे, काठाला दाट झाडी आहे. तिथे नवीन वाचनालय उभं राहिलं. अध्यक्ष होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना अजूनही सगळे हेडबाईच म्हणतात आणि त्या आल्या की बसलेली माणसं आपोआप उभी राहतात. माझी सून तिथे ग्रंथपाल आहे. (काम मला तिच्या वशिल्यानं मिळालं असं काही लोक म्हणाले. त्यांच्या घरच्या खिडक्या कशा खडखडतात हे मला माहीत आहे, म्हणून मी गप्प बसलो.) तळ्याकडची अख्खी भिंत काचेची करायची होती. अकरा काचा, एकेक दीड पुरुष उंच. मी ठरवलं, हे शेवटचं मोठं काम. यानंतर काच कापायची हिरकणी पेटीत ठेवायची आणि दुपारी झोपायचं.

काचा बसल्या. रंगारी अजून आत-बाहेर करत होते, म्हणून तीन आठवडे फुल्या तशाच राहिल्या. उद्घाटनाच्या सकाळी मी नवे बूट घालून घडवंचीवर चढलो आणि हेडबाईंच्या देखत एकेक फुली पुसली. शेवटची गेली तेव्हा सगळं तळं आत आलं. हेडबाई भाषणात म्हणाल्या, “इथे भिंत आहे की नाही हेच मला कळत नाहीये.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझा फोटो काढला: हात उंच, हातात फडकं, अर्धी फुली गेलेली, अर्धी शिल्लक. मी तो मोठा करून घेतला, चौकटीत बसवला आणि जेवायच्या टेबलासमोर लावला. चौकटीची काचही माझीच. आयुष्यात मी इतका खूश क्वचितच झालो होतो.

त्यानंतरच्या महिनाभरात घरात तीन बारीकसारीक गोष्टी घडल्या. सूनबाई रोजच्यापेक्षा तासभर आधी कामाला निघू लागली. तिनं माझ्याकडे नव्या बुटांचा रिकामा खोका मागितला. मला वाटलं, पुस्तकातल्या चिठ्ठ्या ठेवायला असेल. आणि स्वयंपाकघरातलं जुनं उलथनं गायब झालं.

“तुम्हीच नेलं असेल लांबी कालवायला,” ही म्हणाली.

“मी आता लांबी कालवत नाही. मी दुपारी झोपतो.”

“मग उलथनं काय पाय फुटून गेलं?”

त्यात आमचे चिरंजीव लांब पल्ल्याची बस चालवतात, ते घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. त्यामुळे सूनबाई गप्प गप्प का आहे हे शोधायचं काम हिनं माझ्या गळ्यात घातलं. चार दिवसांनी सूनबाई डबा विसरून गेली. मी तो घेतला आणि वाचनालयाची वाट धरली.

ऊन नुकतंच वर आलं होतं. वाचनालय उघडायला वेळ होता. सूनबाई बाहेरच्या बाजूनं काचेच्या पायथ्याशी उकिडवी बसली होती. शेजारी माझा खोका आणि हातात आमचं उलथनं.

“बाबा! तुम्ही इथे?”

“डबा राहिला तुझा. काय करतेयस?”

“काही नाही.” पण खोटं बोलणं तिला कधीच जमलं नाही. तिनं खोक्याचं झाकण उचललं.

आत तीन पक्षी होते. अंगठ्याएवढे, पाठीवर हिरवट, पोटाकडे पिवळे. डोळे मिटलेले, पाय आखडलेले. इतके नीटनेटके ठेवले होते, की क्षणभर मला वाटलं झोपलेत.

“मांजरानं मारले असतील,” मी म्हणालो.

“मांजर मारून काचेखाली ओळीनं ठेवत नाही, बाबा.”

“मग गारठ्यानं...”

माझं वाक्य पुरं झालं नाही. डोक्यावर ‘टप्’ असा आवाज झाला. पिकलेलं फळ फरशीवर पडावं तसा. आणि काहीतरी माझ्या नव्या बुटाशी येऊन पडलं. मी उचललं. ते अजून गरम होतं. माझ्या तळहातावर त्यानं दोनदा चोच उघडली, आणि मग उघडली नाही.

मी वर पाहिलं. तीस वर्षं काचेकडे मी आतूनच पाहत आलो होतो, समोरचं कसं दिसतं ते बघायला. त्या सकाळी पहिल्यांदा नीट बाहेरून पाहिलं. काचेत तळ्याकाठची सगळी झाडी उभी होती, पान न् पान. वर आभाळ. खऱ्या झाडीपेक्षाही स्वच्छ, कारण मी तिला वर्तमानपत्राच्या बोळ्यानं पुसलं होतं. त्या पिल्लाएवढ्या जिवानं त्या झाडीत शिरायला पाहिलं होतं. त्याची काय चूक?

“किती दिवस चाललंय हे?”

“उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून. आधी एखादाच असायचा. आता लांबून येणारे थवे तळ्यावर उतरायला लागलेत. महिनाभर येत राहतील. काल सात होते.” ती उलथन्यानं कुंपणाजवळ खड्डा उकरू लागली. “लोक यायच्या आत आवरते मी.”

“मला का नाही सांगितलंस, पोरी?”

तिनं खड्ड्यातली माती बाजूला सारली. मग म्हणाली, “तुम्ही रोज जेवताना त्या फोटोकडे बघता, बाबा.”

मला लाज वाटली. म्हणजे साधीसुधी नाही, कानशिलं तापतात तशी. माझ्या सुनेनं महिनाभर माझी मेलेली पाखरं माझ्याच बुटाच्या खोक्यात गोळा केली, का तर म्हाताऱ्याचं जेवण गोड लागावं.

घरी आल्यावर मी हिला सगळं सांगितलं. ती कधी नव्हे ते ‘मी म्हणत नव्हते का?’ असं म्हणाली नाही. त्यावरून मला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

दुपारची झोप बाजूला ठेवून मी फूटपट्टीकडे गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सोपं आहे. घार चिकटवू. घारीला सगळी पाखरं टरकतात.” त्यानं काळ्या चिकट कागदातून एक झकास घार कापली, पंख पसरलेली, आणि आम्ही ती मधल्या काचेवर लावली. आम्ही दोघंही इतके खूश झालो की परत येताना चहा प्यायला थांबलो.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी आणि फूटपट्टी आमच्या गॅलरीत बसलो असताना सूनबाई खोका घरीच घेऊन आली. आत एक खंड्या होता. निळा, इतका निळा की गॅलरीतल्या अंधुक उजेडातही डोळ्यात भरत होता.

“घारीपासून हातभर अंतरावर,” ती म्हणाली.

“घार बघायलाच आला असेल,” फूटपट्टी म्हणाला. तो विनोद करायला गेला खरा, पण त्याचाच आवाज चिरकला. मग तो उठून घरी गेला.

त्या संध्याकाळी मला जेवण जाईना. पडदे लावावेत म्हटलं, तर सूनबाई म्हणाली की झाडं बाहेरच्या बाजूला दिसतात, आतल्या पडद्यानं ती जाणार कशी? काच काढून वीट लावावी, तर वाचणाऱ्यांनी अंधारात बसायचं का? मी ताट पुढे ढकललं. समोर फोटो होता. मी उभा, हात वर, अर्धी फुली पुसलेली.

मी उठून त्याच्याजवळ गेलो.

“सूनबाई, या फुल्या होत्या तेव्हा, तीन आठवडे... किती पाखरं मेली?”

“तेव्हा?” ती विचारात पडली. “एकही नाही. म्हणजे थवे आले नव्हते तेव्हा, हेही आहे. पण चिमण्या, साळुंक्या होत्याच की. एकही नाही आपटली.”

“माणसांनी नाक आपटू नये म्हणून आपण फुली मारतो,” मी म्हणालो. “आणि माणसं शहाणी झाली की पुसून टाकतो.”

ही भाजी वाढायला उभी होती, ती तशीच थांबली. म्हणाली, “पाखरांना कुणी सांगितलं का, पुसली म्हणून?”

सूनबाईनं दुसऱ्याच दिवशी चार पुस्तकं काढून वाचली. एक फुली पुरणार नाही, म्हणाली. ही पाखरं बारीक फटींतून सुसाट जाणारी. मोकळी जागा पंजाएवढी दिसली तरी त्यातून निघायला बघतात. तीन बोटांच्या अंतरावर ठिपके हवेत, सगळ्या काचेवर, आणि बाहेरच्या बाजूनं.

म्हणजे माझ्या अकरा काचांवर वरपासून खालपर्यंत ठिपके. ते माझ्या जिवावर आलं, हेही कबूल करतो. पण हेडबाईंना जाऊन विचारायला हवं होतं. मी खोका काखेत मारला आणि सूनबाईबरोबर त्यांच्या खोलीत गेलो.

“ठिपके?” हेडबाईंनी चष्मा काढला. “या काचेसाठी मी पाच वर्षं भांडलेय. आणि तुम्ही तिच्यावर देवीचे व्रण उठवणार? तुम्ही?”

“हो. मीच.”

“पाखरं काय, कुठेही मरतात हो.”

मी खोका टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं.

हेडबाई बराच वेळ खंड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एका बोटानं त्याच्या पंखाला स्पर्श केला. “हा तळ्यावरचा,” त्या म्हणाल्या. “मी रोज सकाळी फिरायला जाते ना, पाण्यावर वाकलेली एक फांदी आहे, तिच्यावर बसलेला असायचा. मी त्याला ‘काय महाशय’ म्हणून पुढे जायचे. आज फांदी रिकामी होती. मला वाटलं, उशीर झाला असेल महाशयांना.”

त्यांनी झाकण स्वतःच लावलं. रुमाल शोधला, तो सापडला नाही, तेव्हा पदराच्या टोकानं डोळे टिपले आणि मग शाळेतल्या आवाजात विचारलं, “कधी सुरू करताय?”

फूटपट्टीनं पत्र्याचा एक मोठा चौकोन घेतला आणि त्यात तीन-तीन बोटांवर भोकं पाडली. नावं ठेवायला जागा नाही अशी सरळ रेघ, नावाला जागणारा माणूस. पत्रा काचेवर बाहेरून धरायचा, स्पंजनं पांढरा रंग थोपटायचा, पत्रा अलगद उचलायचा, पुढे सरकवायचा. चुना पहिल्या पावसात वाहून जाईल, म्हणून तेलाचा रंग. वरच्या भागात फूटपट्टी, मधे मी, आणि खालच्या दोन हातांत आमची ही, एका स्टुलावर बसून. तिला कुणी बोलावलं नव्हतं. “माझं उलथनं या कामात गेलंय,” म्हणाली, “म्हणजे मी यात आलेच.”

थवे रोज वाढत होते. दिवसाला दोनच काचा व्हायच्या. उरलेल्यांवर तोवर चुन्याचे पट्टे ओढून ठेवले; माझी दिमाखदार भिंत पाच दिवस गोठ्यासारखी दिसत होती. वाचायला येणारे कुरकुरले. एक गृहस्थ मला म्हणाले, “आमच्या डोळ्यांना त्रास होतो.” मी म्हणालो, “चार दिवसांनी ठिपके दिसेनासे होतील. नाही झाले तर मला सांगा, मी चष्म्याची काचही बसवतो.” चार दिवसांनी ते तिथेच बसून शांतपणे तळं बघत होते. मी आठवण करून दिली, तेव्हा म्हणाले, “कुठले ठिपके?”

सहाव्या दिवशी दुपारी शेवटची काच झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी, ही आणि सूनबाई तिघंही तिथे जाऊन कुंपणाशी बसलो. ऊन काचेवर आलं. झाडी काचेत उमटली, पण आता तिच्यावर बारीक पांढरी नक्षी होती. तळ्याकडून एक थवा निघाला, सरळ आमच्याच दिशेनं. हिनं माझा दंड घट्ट धरला. मी डोळे मिटले. कान मात्र मिटता येत नाहीत. मी त्या ‘टप्’ची वाट बघत राहिलो.

“बाबा, बघा ना!” सूनबाई ओरडली.

काचेच्या दोन हात अलीकडे सगळा थवा वळला होता, आणि छपरावरून निघून गेला.

त्या आठवड्यात खोका रिकामा राहिला. सूनबाईनं तो धुऊन, वाळवून माझ्याकडे परत दिला आणि उलथनं हिच्याकडे. हिनं ते घासूनपुसून पुन्हा खिळ्याला अडकवलं. मीही फोटो भिंतीवरून उतरवायला गेलो, तर ही म्हणाली, “राहू द्या. चांगला आलाय. पण आता त्यात फुलीकडे बघत जा, स्वतःकडे नको.” मी मनापासून हसलो. घरात पुन्हा आवाज आला, चिरंजीव आले, त्यांना सगळी हकिगत तिघांनी तीन तऱ्हेनं सांगितली.

मी पुन्हा दुपारी झोपायला लागलो. म्हणजे आडवा व्हायचो. झोप येत नव्हती.

तिसऱ्या दुपारी उठलो आणि फूटपट्टीकडे गेलो. तो दारातच बसला होता. पत्रा धुऊन भिंतीला टेकवलेला.

“झोप नाही ना येत?” तो म्हणाला.

“नाही.”

“मलाही नाही.” मग पत्र्याकडे बघत म्हणाला, “आपण दुसऱ्या दिवशी कधी गेलोच नाही रे. एकाही कामावर.”

एवढंच बोलणं झालं. त्यानं पत्रा उचलला, मी रंगाचा डबा घेतला.

सगळ्यात जवळ होता तो दाताच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. पुढची मोठी काच मी बसवली होती, आठ वर्षांपूर्वी. समोर बाग आहे. फुली पुसली तेव्हा बागेतली फुलं थेट खुर्चीपर्यंत आली होती आणि बाई ‘वा!’ म्हणाल्या होत्या. त्यांनी दार उघडलं, आम्हाला ओळखलं आणि हसल्या.

“काय काका, इकडे कुठे? तुमची काच एकदम मजबूत आहे हं. काही तक्रार नाही.”

“माहीत आहे,” मी म्हणालो. “काचेची नाही विचारत. सकाळी दवाखाना उघडता तेव्हा काचेखाली काही पडलेलं असतं का?”

बाईंचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फूटपट्टीच्या हातातल्या पत्र्याकडे. दारामागे हात घालून त्यांनी एक छोटी केरसुणी आणि सुपली बाहेर काढली. दोन्हीची जागा तिथे, दाराच्या आडच, ठरलेली दिसत होती.

“आठ वर्षं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कसं कळलं?”

मी डब्याचं झाकण उघडलं आणि रंग ढवळायला घेतला.